हाय ते काढतो

शिर्डीतल्या एका हॉटेलात आमच्या मालकांची चित्रं खोलीखोलीत लावलेली हायेत. प्रवरेचं पानी, पलीकडच्या काठाचा ऊस, पितळी परातीतले कांदे, असलंच समदं. दर्शनाला आलेली मानसं त्या खोल्यांत झोपतात, सकाळी उठून चित्र बघतात, आन् कधीमधी त्यातलं एखादं मानूस पत्ता काढत आमच्या दारात येतं. येतं आन् म्हनतं, ताई, चित्र बघून मन कसं शांत झालं. मी चहा देते. तोंडानं म्हनते, बरं झालं. मनात म्हनते, तुमचं झालं आसंल बाबा, माझं न्हाई झालं. माझ्या डोक्यात जो राग बसलाय तो उठायचं नाव घेत न्हाई, आन् उठावा असं मलाबी वाटत न्हाई.

मी सीमा. मालकांचं नाव श्रीमंत. सासऱ्यांनी हौसेनं ठेवलेलं. सासरे साखर कारखान्यावर उसाच्या गाड्या खाली करायचे, घरात दोन येळची चूल पेटली तरी लई वाटायचं, आन् पोराचं नाव श्रीमंत. गावाचं नाव मी सांगत न्हाई. कोल्हारच्या पुढं नदीकाठाला हाय, एवढं पुरे. सांगितलं तर गावातलेच म्हनतील, बाईनं गावाची बदनामी केली. गावानं काय केलं ते कुनी बोलनार न्हाई.

मालक पोरवयातच गॅरेजवर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवायला लागले. ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर समदे मोर नायतर वाघ काढून घ्यायचे. ह्यांनी एका फाळक्यावर नदी काढली. आपलीच, घाटाखालची, दुपारची, काठावर म्हैस बसलेली. गॅरेजवाला लई बोलला त्यांना, पन ज्याची ट्रॉली हुती त्याला ती म्हैस ओळखू आली, त्याचीच हुती. मग जो तो नदीच मागायला लागला. हंगामात नगर-मनमाड रस्त्याला ट्रॉल्यांची रांग लागली की एकामागं एक आमची प्रवराच चाललेली दिसायची. शिर्डीचा हॉटेलवाला असाच एकदा ट्रॉलीमागं अडकला, उतरला, आन् इचारत इचारत आमच्या घरी आला.

त्या बाबाला खोल्यांसाठी चित्रं पायजे हुती, पन त्यात नदीत दोन हंस टाका, मागं बर्फाचा डोंगर घ्या, असं त्याचं चाललं हुतं. मालक म्हनले, "प्रवरेत हंस न्हाईत. बगळे हायेत. ते काढलेत." तो म्हनला, अवो, गिऱ्हाइकाला बरं वाटतं. मालक म्हनले, "मी हाय ते काढतो." एवढंच. आवाज चढवला न्हाई, का तोंड वाकडं केलं न्हाई. ह्या मानसाला राग येतच न्हाई, हाच माझा जलमभराचा वैताग. दोघांच्या वाटचा राग मलाच करावा लागतो. हॉटेलवाला बगळ्यांसकट चित्रं घेऊन गेला.

आता ह्यांची काम करायची तऱ्हा ऐका, कारन पुढं समदं तिच्यावरनंच झालं. फोटो बघून हे कधी काढत न्हाईत. वस्तू आपल्या हातानं मांडायच्या, जिथं पायजे तसा उजेड पडंल तिथं मांडायच्या, आन् चित्र हुईस्तोवर हलवायच्या न्हाईत. घरातलं भांडं म्हना, भाजी म्हना, एकदा मांडली की माझी न्हाई. एकदा खिडकीत वांगी मांडलेली. दारात पाव्हनं आलं, घरात दुसरं काय न्हाई, मी केलं त्याचं भरीत. मालक आले, रिकामी परात बघितली, जेवायला बसले, भरीत खाल्लं, चांगलं झालंय म्हनले. मग बाजार पालथा घातला तरी तसली वांगी गावली न्हाईत. ते चित्र तसंच अर्धं हाय, अजून घरात लटकतंय. नुसती परात आन् वांग्यांची देठं. मला बघवत न्हाई.

कानिफनाथ भाऊ म्हंजे ह्यांचा शाळंपासूनचा दोस्त. बागायती जमीन, देवळासमोरच्या पटांगनात बंगला, गावात शब्दाला वजन. लहानपनी दोघं त्यांच्याच विहिरीत पवायला शिकले. पुढं रस्ता रुंद झाला, त्यात ती विहीर बुजली. मालकांनी ती आठवनीतनं लाकडी फळ्यावर काढली. ट्रॉल्या सोडल्या तर समोर नसलेलं काढलेलं तेवढं एकच. काठावरची जांभळ, पायऱ्या, समदं. ते चित्र दिलं तवा कानिफनाथ भाऊ ढसाढसा रडले. आपल्या हातानं खिळा ठोकला, बंगल्याच्या हॉलात दारासमोरच्या आकाशी भिंतीवर लावलं, आन् येनाऱ्या-जानाऱ्याला दाखवायचे, "ह्यो आमचा बाप हिथं बसायचा." एवढं मोठं चित्र, दार उघडं असलं की पटांगनातनं दिसायचं.

गेल्या माघातली गोष्ट. मालकांच्या डोक्यात बसलं, काळ्या मडक्याशेजारी फोडलेला नारळ ठेवायचा आन् मागं नदीचं पानी घ्यायचं. पांढरं लई पांढरं दिसंल म्हनले. सकाळी सकाळी माझ्याच घरातलं समदं उचलून घाटाजवळच्या चिंचेखाली नेलं. माझ्या जुन्या लुगड्याचा तांबडा तुकडा खाली आंथरला, वाऱ्यानं उडू नये म्हनून चारी कोपऱ्यांना दगड ठेवले. वर मडकं, नारळाची दोन भकलं, आमच्या झाडाची लिंबं, आन् मसाल्याला आनलेल्या सुक्या मिरच्यांची मूठ. आता तुमी म्हनाल, बाई, तुला कळलं न्हाई का. मी बघितलंच न्हवतं. आन् त्या दिवशी आवस हुती ते ह्यांना ठाऊक न्हाई. ह्या घरात आवस-पुनव कुनी बघतच न्हाई. सासऱ्यांनी धम्माची दीक्षा घेतली तवा देव्हारा उचलून ह्याच नदीत सोडला. तिथीचा आन् आमचा संबंध तिथंच सुटला.

नळाला पानी आलं म्हनून मी फोन करून मालकांना बोलावलं. ते वस्तू तशाच ठेवून आले, पानी भरलं, परत गेले. तोवर कानिफनाथ भाऊंची नात, ज्ञानेश्वरी, शाळंत जाता जाता घाटावर आल्ती. पोरगी भुकेजलेली आसंल, नारळाचं एक भकाल घेऊन खात बसली. मालक हसले. दुसरंबी तिलाच दिलं. आन् येता येता ह्या भोळ्या मानसानं कानिफनाथ भाऊंच्या आईला, गोजरबाईला, दारात थांबून सांगितलं, "मावशी, तुमच्या पनतीनं आज माझं चित्र खाल्लं बरं का."

दोन-चार दिवसांनी पोरगी तापानं फनफनली. दवाखान्यात नेली. रक्त तपासलं, डेंगू निघाला. आता डेंगू कशानं हुतो ते शाळंतलं पोरगं सांगंल. त्यांच्याच गोठ्यामागं पान्याचं उघडं टाकं हाय, त्यात अळ्या वळवळत्यात, मी माझ्या डोळ्यांनी बघितल्यात. पन गोजरबाईच्या डोक्यात टाकं कशाला येतंय. तिच्या डोक्यात पोरीनं सांगितलेलं तांबडं कापड आलं, लिंबं आली, फोडलेला नारळ आला, आवस आली. आन् कुनी मांडलेलं, तर आमी. मग काय, पोरगी दवाखान्यात सलाईनवर आन् हिकडं गावभर एकच: श्रीमंतानं करनी केली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आरं, आमी करनी करनार? ज्या घरातनं देवबी गेले आन् भुतंबी गेली, त्या घरावर करनीचा आळ? पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या सावलीला भ्यायचे, आता त्यांच्या लिंबाला भ्यायला लागले व्हय? पोरगी बरी हुऊन घरी आली, हिंडाय-फिराय लागली, तरी बोलनं थांबंना. दुकानात माझ्याशी कुनी बोलंना. पिठाच्या गिरनीत माझा डबा बाजूला सारून ठेवला. मालक घाटावर बसले की खालच्या अंगाला धुनं धुनाऱ्या बाया उठून जायच्या.

मग एक दिवस देवळाच्या पारावर बोलावनं आलं. मीबी गेले. मला कुनी बोलावलं न्हवतं. चार मानसं बसलेली, मधी कानिफनाथ भाऊ. खाली बघून म्हनले, "श्रीमंता, माझा तुझ्यावर इस्वास हाय. पन घरात म्हातारी ऐकत न्हाई, गाव ऐकत न्हाई. तू देवीपुढं बेल-भंडारा उचल आन् म्हन, मी काय केलं न्हाई. एवढं केलं की मिटलं. न्हाई केलंस तर नदीवर बसू नको. लोक भित्यात."

मालक शांत. म्हनले, "कान्या, माझ्या बापानं देव्हारा सोडला त्या दिवशी करनी, उतारा, भानामती समदं आमच्या घरातनं एकदमच गेलं. जे माझ्यापाशी न्हाईच, ते केलं न्हाई म्हनून शपथ कशाला घेऊ? आन् मी ज्याच्यापुढं हात जोडत न्हाई, त्याच्यापुढं घेतलेली शपथ तुमाला तरी खरी कशी वाटंल?"

"एक चिमूट भंडारा उचलायला काय जातंय तुझं?" कानिफनाथ भाऊ म्हनले.

"माझा बाप जातोय," मालक म्हनले आन् उठले.

मी घरी आल्यावर म्हनले, चला पोलिसात. आता तसला कायदा हाय, करनीचा आळ घेनाऱ्याला आत घालत्यात. नावं सांगते मी एकेकाची. मालक म्हनले, कान्याचं नाव मी सांगनार न्हाई. मी म्हनले, त्यानं तुमचं सांगितलं की पारावर बसून. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले न्हाई. गावाचा राग एकीकडं, पन ह्या मानसाच्या शांतपनाचा मला जो संताप आला तो येगळाच. मार खाऊनबी गप बसनाऱ्याला बघून मारनाऱ्यापेक्षा जास्त चिडायला हुतं.

मालकांनी नदीवर जायचं बंद केलं. कुनाला भिऊन न्हाई. म्हनले, माझ्यामुळं बायांना धुनं सोडून उठावं लागतंय, ते बघवत न्हाई. घरात बसून काढा म्हनलं तर म्हनले, काय काढू, समोर काय हाय? भिंतीकडं तोंड करून बसायचे. ब्रश धुवायचे, पुसायचे, परत धुवायचे. हॉटेलवाल्याचा फोन वाजायचा, उचलायचे न्हाईत. ज्या मानसानं नदी सोडून दुसरं काय बघितलं न्हाई, त्याला तुमी म्हनता नदीवर बसू नको. त्यापेक्षा जेवू नको म्हना. आन् खरंच जेवन तुटलं त्यांचं. भाकरी कुस्करून ठेवायचे ताटात. मला वाटलं, हे मानूस असंच बसून बसून संपनार.

असंच एक दिवस मी रस्त्यानं येत हुते. कानिफनाथ भाऊंच्या गोठ्याच्या मागनं वाट हाय. गोठ्याच्या फुटक्या खिडकीला फळी लावलेली दिसली. जवळ गेले तर फळी कसली, चित्र. विहीर. वरची बाजू खाली करून, तारेनं आवळून बसवलेलं. जांभळीवर शेनाचे शिंतोडे उडालेले.

मी कुनाला इचारलं न्हाई. भरदिवसा, गडी माझ्या तोंडाकडं बघत असताना, तार सोडली, चित्र उतरवलं, डोक्यावर घेतलं आन् पटांगनातनं मिरवत घरी आनलं. कुनाची हाय का टाप अडवायची. घरी येऊन मालकांच्या पुढं ठेवलं आन् म्हनले, "हे घ्या तुमच्या दोस्ताचं काम. वारा लागू नये म्हनून म्हशीला लावून दिलं हुतं."

मालकांनी ते मांडीवर घेतलं. ओल्या फडक्यानं पुसलं, लई सावकाश. मग म्हनले, "आवस कधी हाय गं?"

लग्नाला एवढी वर्षं झाली, ह्या मानसानं पहिल्यांदा तिथी इचारली. शेजारच्या कॅलेंडरात बघून आले. म्हनले, परवा.

"परात घासून ठेव. आन् ते तांबडं कापड धू."

आवसेच्या दिवशी सकाळी आमी दोघं निघालो. मी परात घेतली, त्यांनी मडकं. नदीवर न्हाई गेलो. देवळासमोरच्या पटांगनात, कानिफनाथ भाऊंच्या बंगल्यासमोर, भर मधोमध तांबडं कापड आंथरलं. चारी कोपऱ्यांना दगड ठेवले. मडकं, परातीत लिंबं, मिरच्या. नारळ तिथंच समद्यांसमोर फोडला आन् दोन भकलं मांडली. मग मालकांनी स्टूल ठेवलं आन् काढायला बसले.

पटांगन जरा येळात भरलं. जवळ कुनी येईना, लांबनं गोल करून उभे. बायांनी पोरांना पदराआड घेतलं. गोजरबाई ओट्यावर येऊन बोटं मोडायला लागली, शिव्याशाप, तोंडाला येईल ते. मी म्हनले, "मावशी, सावकाश. घसा बसंल. लिंबू देऊ का?" ती आत गेली. एक जन म्हनला, उचला रे ते. मी म्हनले, उचल की, तूच उचल, ये. कुनी पुढं झालं न्हाई. ज्या वस्तू रोज त्यांच्या सैपाकघरात असत्यात, त्यांना हात लावायची त्या गर्दीत एकाची छाती हुईना. मला हसूबी आलं आन् रडूबी.

मालकांनी कुनाकडं बघितलं न्हाई. समोर बघायचे, कागदावर ब्रश लावायचे, परत समोर बघायचे. ऊन डोक्यावर आलं तसं लोक कंटाळले. ज्याला त्याला कामं हुती. काय जळत न्हाई, काय धूर निघत न्हाई, नुस्तं एक म्हातारं मानूस लिंबू काढतंय. हळूहळू पांगले. करनी बघायला आलेल्यांना लिंबूच बघावं लागलं, दुसरं काय निघालं न्हाई त्यातनं.

कानिफनाथ भाऊ मातर हॉलात खुर्चीवर बसून हुते. दार उघडं. सकाळपास्नं तिथंच. उन्हं कलली तवा उठले, पायऱ्या उतरले, आन् मालकांच्या पाठीमागं येऊन उभे राहिले. चित्र झालेलंच हुतं. मीबी तवाच नीट बघितलं.

पुढं परात, मडकं, नारळ पांढराफेक, लिंबं. त्याच्या मागं बंगल्याचं उघडं दार. दारातनं आतली आकाशी भिंत. आन् भिंतीवर मधोमध एक खिळा, खिळ्याखाली मोठा कोरा चौकोन. जिथं चित्र हुतं तिथला रंग ताजा राहिलेला, भवतालचा उडालेला. चौकोनाच्या कडंला धुराची बारीक रेघ, तीबी काढलेली. खुर्चीत मानूस बसलेलं, पन मालकांनी ते काढलं न्हवतं. नुस्ती खुर्ची.

कानिफनाथ भाऊ लई येळ बघत राहिले. मग म्हनले, "खिळा कशाला काढलास, श्रीमंता?"

मालक ब्रश धूत हुते. वर न बघता म्हनले, "हाय ते काढलं."

कानिफनाथ भाऊंनी उघड्या दाराकडं बघितलं. म्हनले, "मला खुर्चीत बघितलं न्हाईस का? सकाळपास्नं हितंच हाय मी."

"बघितलं," मालक म्हनले. "पन तू हुतास असं म्हनता येईना."

मी ह्या मानसाला उभ्या जलमात एवढं कडू बोलताना ऐकलं न्हवतं. आमी सामान गोळा केलं आन् घरी आलो. त्या रात्री मालक पोटभर जेवले. नारळाची चटनी केल्ती, लिंबू पिळून.

दुसऱ्या दिवसापास्नं मालक नदीवर जायला लागले. कुनी आडवलं न्हाई, आन् शपथंचं नावबी कुनी काढलं न्हाई. बाया धुनं धूत बसत्यात. माफी मातर एकानंबी मागितली न्हाई. गिरनीत माझा डबा आता पुढं घेत्यात, वर हसून इचारत्यात, कसं काय वहिनी. मी डबा घेते आन् येते. मला हसायला जमत न्हाई.

कानिफनाथ भाऊ एकदा घरी आल्ते. चहा घेतला. ते पटांगनातलं चित्र भिंतीवर लावलेलं त्यांनी बघितलं. जाताना चपला घालता घालता म्हनले, "वहिनी, विहिरीचं चित्र तेवढं परत द्या. आमच्या बापाची आठवन हाय ती." मालक लगेच उठले, आत जाऊन घेऊन आले. असं हाय हे मानूस. मी त्यांच्या हातातनं काढून घेतलं आन् म्हनले, "भाऊ, गोठ्याला फळी बघा दुसरी." ते गेले. मालक माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलले न्हाईत, पन चित्र मी दिलं न्हाई, देनारबी न्हाई.

परवा पटांगनातनं येताना त्यांच्या दारातनं आत नजर गेली. त्या खिळ्याला आता घड्याळ अडकवलंय. मोठं हाय, सोनेरी काठाचं, बाजारातनं मुद्दाम आनलेलं आसंल. पन चौकोनाला ते पुरत न्हाई.